सिव्हिल थ्रीडीमधलं ‘स्पायरल’ आणि त्यामागचा माणूस: लेओनार्ड ऑयलर

गाडीत बसून फोन बघत असताना वळण आलं की अंग एका बाजूला जातं. चांगल्या हायवेवर ते इतकं हळू होतं की कळतही नाही. खराब वळणावर मात्र एकदम झटका बसतो आणि हातातला फोन सीटखाली जातो. हा फरक ड्रायव्हरमुळे पडतो असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याचदा तो रस्ता बांधण्याच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काढलेल्या एका रेषेमुळे पडतो. त्या रेषेला सेंटरलाइन म्हणतात. सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव ‘अलाइनमेंट’.

या अलाइनमेंटचे फक्त तीन प्रकारचे तुकडे असतात: सरळ रेषा, वर्तुळाचा कंस आणि त्या दोघांना जोडणारा स्पायरल. पहिले दोन शाळेत शिकलोय. तिसऱ्याचं पूर्ण गणित ज्याने सोडवलं तो माणूस १७८३ साली वारला, आणि सोडवलं तेव्हा त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. आज त्याची गोष्ट सांगायची आहे, पण आधी तो स्पायरल नेमका कशाला लागतो ते बघू.

आधी सॉफ्टवेअर उघडू

समजा सिव्हिल थ्रीडीमध्ये तुम्ही दोन सरळ रेषा काढल्या. त्या जिथे एकमेकींना मिळतात तो ‘पीआय’ पॉइंट. आता गाडी काही कोपऱ्यात काटकोनात वळत नाही, म्हणून मध्ये ४०० मीटर त्रिज्येचा कंस टाकला. दिसायला सुंदर दिसतं. पण डिझाइनचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल तर ‘डिझाइन क्रायटेरिया’ चालू असताना त्या कंसाजवळ एक छोटा पिवळा त्रिकोण येऊ शकतो, उद्गारचिन्हासकट. म्हणजे काहीतरी नियमात बसत नाहीये.

अडचण अशी. सरळ रेषेवर वक्रता शून्य असते. ४०० मीटरच्या कंसावर ती असते ४०० मध्ये १ भाग. सरळ रेषा संपून कंस सुरू होतो त्या एका बिंदूवर वक्रता शून्यावरून एकदम तिथे उडी मारते. कागदावर उडी मारता येते, स्टीअरिंगला नाही. स्टीअरिंग फिरवायला दोन-तीन सेकंद लागतात. शिवाय वळणावर रस्ता आतल्या बाजूला तिरका करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या सूत्राने या वळणाला साधारण ७ टक्के तिरकेपणा येतो. ७ मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४९ सेंटिमीटर उंच! ही अर्धा मीटरची उंची एका बिंदूत कशी आणणार? तिथे पायरीच होईल.

म्हणून सरळ रेषा आणि कंस यांच्यामध्ये असा तुकडा घालायचा की जितकं पुढे जाल तितकी वक्रता त्याच प्रमाणात वाढेल. १० मीटर गेलात तर थोडी, २० मीटर गेलात तर बरोबर दुप्पट, आणि शेवटी नेमकी कंसाइतकी. ड्रायव्हरच्या भाषेत सांगायचं तर स्टीअरिंग एकाच संथ गतीने फिरवत राहायचं. या रेषेला क्लोथॉइड म्हणतात, किंवा ऑयलर स्पायरल.

आपल्या उदाहरणात आयआरसीच्या सूत्राने या तुकड्याची लांबी निदान ५३ मीटर लागते. ६० धरू. आता गंमत बघा: ६० मीटर चालून गेल्यावर तुम्ही मूळ सरळ रेषेपासून फक्त दीड मीटर बाजूला सरकलेले असता. आणि मधला कंस आत सरकतो जेमतेम साडेसदतीस सेंटिमीटर. नकाशावर झूम केल्याशिवाय हा फरक दिसणारसुद्धा नाही. पण ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीला झटक्याऐवजी पावणेतीन सेकंदांचा वेळ मिळतो. एवढ्याशा जागेत सगळा खेळ आहे.

आता त्या माणसाकडे वळू. (आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याला सर्रास ‘युलर’ म्हणतात. खरा उच्चार ऑयलर.)

पाद्र्याचा मुलगा

लेओनार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातला. वडील पाद्री होते, पण विद्यार्थी असताना ते याकोब बर्नुली या मोठ्या गणितज्ञाच्या घरी राहिले होते आणि त्याची व्याख्यानंही त्यांनी ऐकली होती. हे नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या वळणाचा प्रश्न सगळ्यात आधी याच याकोबने १६९४ च्या सुमारास मांडला होता. म्हणजे प्रश्न एका अर्थी ऑयलरच्या घरातच होता.

मुलाने आपल्यासारखंच पाद्री व्हावं असं वडिलांना वाटायचं. मुलगा १३ व्या वर्षी विद्यापीठात गेला. तिथे याकोबचा भाऊ योहान बर्नुली शिकवत होता. योहान तसा तिरसट म्हणून प्रसिद्ध. त्याने खासगी शिकवणी द्यायला नकार दिला, पण एक सोय करून दिली: अवघड पुस्तकं स्वतः वाच, आणि जिथे अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचार. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचे दहा आपोआप सुटायचे, असं ऑयलरने पुढे सांगितलं आहे. थोड्याच दिवसांत योहानने वडिलांची समजूत घातली की हा मुलगा चर्चसाठी नाही.

२० व्या वर्षी त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत भाग घेतला. विषय होता जहाजावर डोलकाठ्या कुठे उभ्या कराव्यात. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तरीही त्याच्या निबंधाची दखल घेतली गेली. पहिलं बक्षीस मात्र जहाजांचं शास्त्र ज्याला खरंच माहीत होतं अशा पिअर बुगे या माणसाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. त्याच सुमारास बाझेल विद्यापीठातली प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. गावात नोकरी नाही म्हटल्यावर आजही आपली मुलं जे करतात तेच त्याने केलं. बाहेर पडला.

नकाशांनी घेतलेला डोळा

मे १७२७ मध्ये तो रशियात सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. तिथल्या नव्या अकादमीत योहानचा मुलगा डॅनिएल बर्नुली आधीच होता, त्याने ओळख लावली होती. गंमत म्हणजे ऑयलरला बोलावलं होतं वैद्यकाच्या विभागात. पण तो पोहोचला त्याच सुमारास सम्राज्ञी कॅथरिन पहिली वारली, अकादमीचे पैसे आटले, आणि त्याला काही काळ रशियन नौदलात वैद्यकीय काम करावं लागलं. १७३३ मध्ये डॅनिएल कंटाळून मायदेशी परतला आणि गणिताची मुख्य जागा ऑयलरला मिळाली. पुढच्या वर्षी त्याने काटारीना ग्झेलशी लग्न केलं. तिचे वडील चित्रकार होते. या दोघांना १३ मुलं झाली, त्यातली फक्त पाच मोठी होईपर्यंत जगली.

याच काळात त्याने ते काम केलं ज्याच्यावर तुमच्या फोनमधले मॅप्स चालतात. क्योनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी पूर्ण होईल का, असा लोकांचा खेळ होता. ऑयलरने दाखवलं की होणार नाही, आणि त्यासाठी पुलांची लांबी, नदीचा आकार सगळं फेकून देऊन फक्त कोण कोणाला जोडलेलं आहे एवढंच ठेवलं. आज नेव्हिगेशन ॲप रस्ता शोधतं तेव्हा शहराकडे असंच बघतं: ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. यावर वेगळा लेख होईल, इथे थांबतो.

पण मॅप्सशी त्याचा दुसरा संबंध जास्त कडू आहे. अकादमीच्या भूगोल विभागात रशियाचा अख्खा नकाशा तयार करायचं काम चालू होतं, आणि ऑयलर त्यात गुंतला होता. नकाशे तपासायचे, दुरुस्त करायचे, बारीक अक्षरं, मेणबत्तीचा उजेड. १७३५ मध्ये त्याला जोराचा ताप आला. १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. डॉक्टरी दृष्टीने कारण बहुतेक आजारपणच असावं, पण ऑयलर स्वतः दोष नकाशांना द्यायचा. दिवसभर कॅडच्या स्क्रीनवर रेषा ओढणाऱ्यांना त्याचं म्हणणं पटेल.

स्प्रिंगचा प्रश्न

रशियातलं राजकारण तापलं तेव्हा १७४१ मध्ये तो बर्लिनला गेला, प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या अकादमीत. तिथे २५ वर्षं राहिला. इथेच आपलं वळण येतं.

१७४४ मध्ये त्याने एक मोठं पुस्तक छापलं आणि त्याच्या मागे एक परिशिष्ट जोडलं, वाकणाऱ्या पट्ट्यांबद्दल. लवचीक पट्टी वाकवली तर ती कोणकोणते आकार घेते, याची त्याने वर्गवारी केली. (खांब किती वजनाला वाकून मोडतो याचं सूत्रही याच परिशिष्टात आहे. सिव्हिलवाल्यांनी ‘ऑयलर बकलिंग’ परीक्षेत लिहिलं असेलच.) त्यातच एक उलटा प्रश्न होता, याकोब बर्नुलीचा जुना. एक पट्टी आधीपासूनच वाकडी आहे. एक टोक भिंतीत पक्कं बसवलंय. दुसऱ्या टोकाला वजन टांगलं की ती बरोबर सरळ, आडवी होते. तर वजन नसताना तिचा आकार कसा होता?

हे सोपं करून बघू. सरळ झालेल्या पट्टीवर कुठल्याही जागी वजनाचा वाकवण्याचा जोर किती? तुम्ही वजनापासून जितके लांब, तितका जास्त. मोबाइल स्टँडचा हात लांब केला की तो जास्त वाकतो, तसंच. आता हा जोर पट्टीला सरळ करण्यात खर्च झाला आहे. म्हणजे जिथे जोर जास्त, तिथे पट्टी मुळात जास्त वाकडी असणार. वजनाच्या टोकाला वक्रता शून्य, आणि तिथून जितकं अंतर तितकी वक्रता.

ओळखीचं वाटलं ना? टोकाला शून्य, मग अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारी वक्रता. हाच आपला रस्त्याचा स्पायरल. फक्त ऑयलरच्या डोक्यात रस्ता नव्हता, रेल्वे तर जगात नव्हतीच. त्याच्यासमोर स्प्रिंगची पट्टी होती. ऑयलरने रस्त्याची वळणं शोधली असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

ही वक्रता वाढतच गेली तर रेषा गोल गोल फिरत एका बिंदूकडे जाते, गोगलगाईच्या शंखासारखी. तो बिंदू नक्की कुठे? इथे ऑयलर अडला. त्यासाठी जे इंटिग्रल सोडवायला हवं ते त्याला १७४४ मध्ये जमलं नाही. त्याने तसं मान्य केलं, इतर गणितज्ञांना यावर विचार करायचं सुचवलं आणि पुढे गेला. पुस्तकात आपल्याला न सुटलेली गोष्ट अशी उघड्यावर ठेवायला हिंमत लागते.

राजाचं कारंजं

बर्लिनचे दिवस सुखाचे नव्हते. फ्रेडरिकला चटपटीत बोलणारे, फ्रेंच टोमणे मारणारे लोक आवडायचे. ऑयलर साधा, देवभोळा, घरी मुलांना मांडीवर घेऊन गणित करणारा माणूस. राजा त्याच्या मागे त्याला एकडोळ्या राक्षसाच्या नावाने चिडवायचा.

पोट्सडामच्या राजवाड्याच्या बागेत राजाला मोठं कारंजं हवं होतं. नदीचं पाणी पवनचक्कीच्या पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचं. लाकडी पाइप फुटायला लागले. ऑयलरने हिशोब केला आणि कळवलं की पाणी पाइपमधून वाहतं तेव्हा दाब वाढतो, हे पाइप तेवढे मजबूत नाहीत. पैसे वाचवायचे होते, त्यामुळे सल्ला मानला गेला नाही. कारंजं उडालं नाही. बऱ्याच वर्षांनी राजाने पत्रात खापर फोडलं ते ऑयलरच्या भूमितीवर. कितीतरी पुस्तकांत ही गोष्ट आजही थिअरीवाल्याची फजिती म्हणून सांगतात. मला ती उलटी वाटते. साइटवर जुनिअर इंजिनिअरचा रिपोर्ट बाजूला ठेवून नंतर त्यालाच झापणारे साहेब ज्यांनी पाहिलेत, त्यांना ती लगेच कळेल.

बर्लिनमध्येच त्याने राजघराण्यातल्या एका मुलीला विज्ञान समजावणारी दोनशेहून जास्त पत्रं लिहिली. प्रकाश, आवाज, गुरुत्वाकर्षण, सगळं सोप्या भाषेत. नंतर ती पुस्तकरूपात आली आणि युरोपभर वाचली गेली. आमच्यासारख्या एक्स्प्लेनर लिहिणाऱ्यांचा हा पूर्वजच म्हणायचा.

अकादमीचं अध्यक्षपद रिकामं झालं तेव्हा वर्षानुवर्षं काम सांभाळणाऱ्या ऑयलरला ते मिळालं नाही. राजाने दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाला बोलावलं. दालांबेरनेच नम्रपणे सांगितलं की ऑयलरच्या डोक्यावर कुणाला बसवणं बरं दिसणार नाही. तरी काही बदललं नाही. १७६६ मध्ये ऑयलर कुटुंबासह पुन्हा सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथे आता कॅथरिन दुसरीचं राज्य होतं आणि तिने त्याचं मनापासून स्वागत केलं.

अंधारातलं गणित

पण आता दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलं, मग जखम चिघळली आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली आणि त्याचं घर जळालं. पेटर ग्रिम नावाचा बाझेलचाच एक कारागीर आत घुसला आणि त्याने आंधळ्या ऑयलरला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. हस्तलिखितं बरीचशी वाचली. दोन वर्षांनी काटारीना गेली.

आता कल्पना करा, तुमच्याकडे स्क्रीन नाही, कागद दिसत नाही, आणि गणित करायचंय. ऑयलर सगळं डोक्यात करायचा. व्हर्जिलचं अख्खं महाकाव्य त्याला पाठ होतं, आकडेमोड तशीच डोक्यात चालायची. मुलगा योहान आल्ब्रेख्त, निकोलाउस फुस, लेक्सेल असे मदतनीस टेबलाभोवती बसायचे, तो सांगायचा, ते लिहायचे. बीजगणितावरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याने आधी शिंपीकाम शिकलेल्या एका नोकराला सांगून लिहून घेतलं. त्याच्या आयुष्यातल्या कामाचा जवळपास अर्धा भाग या दृष्टी गेलेल्या वर्षांतला आहे.

आणि १७८१ मध्ये, स्प्रिंगच्या परिशिष्टानंतर ३७ वर्षांनी, तो अडलेला बिंदू सापडला. नशिबाने आणि अगदी विचित्र वाटेने सापडला असं त्याने त्या निबंधात म्हटलं आहे. उत्तरात वर्गमूळात पाय येतो, वर्तुळाचा तोच पाय. आपल्या ४०० मीटरच्या वळणाला लावून बघा: त्रिज्या गुणिले लांबी, म्हणजे ४०० गुणिले ६०, त्याचं वर्गमूळ साधारण १५५. या आकड्याला सॉफ्टवेअरमध्ये स्पायरलचा ‘ए’ म्हणतात. त्याला पायच्या वर्गमूळाच्या निम्म्याने गुणलं की येतात १३७ मीटर. तो स्पायरल कधीच न थांबता फिरत राहिला असता तर त्याचा डोळा सुरुवातीपासून सरळ १३७ मीटर पुढे आणि १३७ मीटर बाजूला असता. रस्त्याला तिथपर्यंत जायची गरज पडत नाही, सुरुवातीचा छोटा तुकडा पुरतो. पण त्या तुकड्यावरचा प्रत्येक बिंदू याच इंटिग्रलमधून निघतो. तुम्ही सिव्हिल थ्रीडीत ‘फ्री स्पायरल-कर्व्ह-स्पायरल’ निवडून दोन रेषांवर क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअर तेच करतं, आणि टीएस, एससी, सीएस, एसटी असे चार बिंदू चेनेजसकट मांडून देतं.

मधल्या काळात हे वळण लोक विसरले. फ्रेनेलला १९ व्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशाचा अभ्यास करताना तेच इंटिग्रल स्वतंत्रपणे भेटलं, म्हणून आज त्याला फ्रेनेल इंटिग्रल म्हणतात. १८७४ मध्ये कॉर्न्यूने त्याचा अचूक आलेख काढला. मग रेल्वेचे वेग वाढले, डबे वळणावर हिसके द्यायला लागले, आणि अमेरिकेत आर्थर टॅलबॉटसारख्या इंजिनिअरांनी हेच वळण रुळांसाठी पुन्हा शोधलं. भारतीय रेल्वे त्याची सोपी आवृत्ती, क्यूबिक पॅराबोला वापरते. आपल्या रस्त्यांसाठी आयआरसी स्पायरल सांगते. सिव्हिल थ्रीडीत दोन्ही आहेत, ‘कर्व्ह अँड स्पायरल सेटिंग्ज’मध्ये प्रकार बदलून बघता येतो.

१८ सप्टेंबर १७८३ ला सकाळी ऑयलरने नातवाची शिकवणी घेतली. पॅरिसजवळ नुकतेच हवेत फुगे उडाले होते, म्हणून त्यांच्या वर चढण्याच्या वेगाचा हिशोब केला. जेवणानंतर लेक्सेल आणि फुस यांच्याशी नव्या सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलणं झालं. संध्याकाळी नातवाशी खेळताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि रात्री तो गेला. वय ७६.

अकादमीकडे त्याचे न छापलेले निबंध इतके साठले होते की ते पुढे जवळपास ५० वर्षं छापत राहिले. आपल्या वळणाचा निबंध त्यात १७९४ मध्ये आला.